पुढे देण्याची लेखी मुभा

संगणकाचा प्रोग्रॅम लिहून झाला की त्या क्षणापासून त्यावर लिहिणाऱ्याचा कॉपीराइट असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शिक्का लागत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिण्याचीही गरज नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणक प्रोग्रॅमला वाङ्मयीन कृतींमध्ये बसवले आहे. कायद्याच्या लेखी कादंबरी आणि कोड एकाच पंगतीला बसतात. प्रत काढणे, फेरफार करणे, प्रती इतरांना देणे हे सगळे हक्क मालकाचे, आणि तेही लेखकाच्या हयातीत व त्याच्या मागे ६० वर्षे.

याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, डोंबिवलीतल्या एका अभियंत्याने काही रविवार खर्ची घालून गृहनिर्माण सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांना उपयोग व्हावा म्हणून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर टाकला. कल्याणच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो उतरवून घेतला, टँकरच्या पाण्याचा रकाना त्यात वाढवला आणि शेजारच्या सोसायटीला दिला. लिहिणाऱ्याची इच्छा नेमकी हीच होती. तरीही सेक्रेटरींनी केलेली प्रत, केलेला बदल आणि केलेले वाटप यांपैकी कशालाच कायद्याचा आधार नाही, कारण लिहिणाऱ्याने तशी परवानगी कुठेच लिहिलेली नाही. गिटहबच्या अटींनुसार तिथे उघडा ठेवलेला कोड इतरांना पाहता येतो आणि गिटहबच्याच आवारात त्याची प्रत घेता येते. त्यापलीकडे काही नाही. मौन म्हणजे संमती, हा न्याय इथे चालत नाही.

ही अडचण सोडवणारा कागद म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना. मालक आपला हक्क सोडून देत नाही. तो हातात ठेवून, कोणाचेही नाव न घालता, सगळ्या जगाला उद्देशून लिहितो की हा प्रोग्रॅम वापरा, त्याचे आतले काम बघा, हवा तसा बदला, मूळ किंवा बदललेली प्रत पुढे द्या. मात्र अमुक अटी पाळा. अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची जी व्याख्या केली तिच्यात हीच चार स्वातंत्र्ये आहेत. आत डोकावणे आणि बदलणे शक्य व्हायचे तर सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, मिळाला पाहिजे. यंत्रासाठी तयार केलेली फाइल नुसती चालवता येते, तिच्यात दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य असते.

इंग्रजीत या विषयावर बोलताना दरवेळी खुलासा करावा लागतो, कारण विनामूल्य आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांना तिथे ‘फ्री’ हा एकच शब्द आहे. मराठीत फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. फोनवर विनामूल्य मिळणारी बहुतेक ॲप फुकट असतात पण मुक्त नसतात. ती उघडून बघण्याची किंवा बदलून दुसऱ्याला देण्याची मुभा कोणी दिलेली नसते. उलट मुक्त प्रोग्रॅमची प्रत पैसे घेऊन विकायला बहुतेक परवान्यांत मज्जाव नाही. पायरसीची सीडी तर यातल्या कशातच बसत नाही. परवान्याविना केलेली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा आपल्या कायद्याच्या ६३-ब कलमाखाली गुन्हा आहे आणि त्यासाठी ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. ‘नेटवर होते म्हणून घेतले’ हे उत्तर तिथे पुरत नाही.

स्टॉलमन यांच्या मनात मुक्त सॉफ्टवेअरचा विचार एका प्रिंटरमुळे रुजला. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला होता आणि त्यात कागद सतत अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी थोडा बदल करून कागद अडकताच सर्वांच्या पडद्यावर सूचना येईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र देण्यास नकार मिळाला. ज्याच्याकडे तो होता त्याने तो कोणाला न देण्याचा करार केलेला होता. दुरुस्त करण्याचे ज्ञान आणि तयारी असलेला माणूस समोर असून यंत्र तसेच अडकत राहिले. पुढे १९८३ च्या सप्टेंबरमध्ये स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ या मुक्त संगणक-प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे जीपीएल, हा परवाना प्रसिद्ध केला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची.

जीपीएलमधली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. नुसते ‘काहीही करा’ म्हटले तर एखादी कंपनी तो कोड घेऊन, सुधारून, स्वतःचे कुलूप लावून विकू शकते. सुधारणा मूळ लोकांपर्यंत परत येत नाही. म्हणून जीपीएलची अट अशी की प्रोग्रॅम बदलून दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो याच परवान्याखाली आणि सोर्स कोडसह द्यावा. स्वतःला मिळालेली मुभा पुढच्याला नाकारता येत नाही. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. कॉपीराइटचाच जोर वापरून ही अट उभी आहे: परवाना पाळला नाही तर प्रत काढण्याचा हक्कच उरत नाही आणि मग तो साधा कॉपीराइटभंग ठरतो. घरात बसून स्वतःपुरता बदल केला तर मात्र कोणाला काही द्यावे लागत नाही. बंधन सुरू होते ते प्रत दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हा.

या अटीचे फळ घरातल्या वायफायच्या राउटरमध्ये दिसते. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या राउटरमध्ये जीपीएलखालची लिनक्स ही संगणक-प्रणाली वापरलेली आहे असे लोकांच्या लक्षात आले. मागणी झाल्यावर कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला. त्या कोडवरून ‘ओपन-डब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला आणि कंपन्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली असे कितीतरी जुने राउटर आजही त्यावर चालतात.

जीपीएलच्या दुसऱ्या टोकाला एमआयटी आणि बीएसडी हे मोकळे परवाने आहेत. एमआयटी परवाना इतका लहान आहे की लोकलमध्ये ठाण्याहून मुलुंड येईपर्यंत वाचून होतो. कोड घ्या, बदला, विका, हवे तर बंद करा. फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत ठेवा, आणि काही बिघडले तर लेखकाला जबाबदार धरू नका. २००४ चा अपाची परवाना (आवृत्ती २) याच वळणाचा, पण त्यात पेटंटचीही परवानगी स्पष्ट दिलेली असते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ आणि तिथून ‘कायदेशीर माहिती’ उघडली की परवान्यांची एक यादी लागते. ती बोटाने सरकवत राहावे तरी संपत नाही. आपल्या खिशातला फोन किती जणांच्या लेखी परवानगीवर चालतो, त्याची ती नोंदवही आहे. नाव ठेवण्याची अट पाळण्यासाठी कंपनीला ती द्यावीच लागते.

मराठी माणसाला हा सगळा विषय सर्वांत जवळून भेटतो तो फॉन्टमध्ये. ठाणे-डोंबिवलीच्या स्टेशनांजवळच्या डीटीपीच्या दुकानांत एक काळ असा होता की लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर नेताना ‘फॉन्टपण टाकून आण’ असे बजावले जाई. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या. तोच फॉन्ट नसेल तर ‘शुभविवाह’च्या जागी कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांचा गोंधळ उमटायचा. म्हणून फॉन्ट हातोहात फिरत. विकत घेतलेला परवाना एका संगणकापुरता असला तरी फाइल दहा संगणकांवर जाई. त्या दुकानदारांच्या मनात चोरी नव्हती, गिऱ्हाइकाचे काम अडू नये एवढेच होते. पण अक्षर लिहिण्याचे साधनच परवान्याविना वापरावे लागणे ही कोणत्याही भाषेसाठी वाईट अवस्था आहे. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडने अक्षरांच्या जागांचा घोळ मिटवला. फॉन्टवरच्या हक्काचा प्रश्न मात्र युनिकोडने सुटणारा नव्हता, तो परवान्यानेच सुटला.

त्यातले आरंभीचे एक पाऊल रेड हॅट या कंपनीचे. भारतीय लिप्यांसाठी ‘लोहित’ नावाचे फॉन्ट तिने २००४ मध्ये जीपीएलखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या नावातल्या रंगाचाच. पण प्रोग्रॅमसाठी घडवलेला जीपीएल फॉन्टला नीट बसत नव्हता. पीडीएफ करताना फॉन्टचा भाग त्या फाइलच्या आत जातो. मग ती पीडीएफसुद्धा जीपीएलखाली येते का, असा प्रश्न निघतो. पत्रिका छापणाऱ्याने असल्या प्रश्नात का पडावे? २०११ मध्ये लोहितचा परवाना बदलून ‘ओपन फॉन्ट लायसन्स’, म्हणजे ओएफएल, करण्यात आला.

ओएफएल हा परवाना जगातल्या लहानमोठ्या भाषांवर काम करणाऱ्या एसआयएल या संस्थेने तयार केला; त्याची आज वापरात असलेली १.१ ही आवृत्ती २००७ ची आहे. फॉन्ट कोणीही वापरावा, अभ्यासावा, बदलावा आणि वाटावा. त्याने तयार केलेल्या कागदपत्रांवर कसलेही बंधन नाही; पत्रिकेचे, फ्लेक्सचे, पुस्तकाचे पैसे खुशाल घ्यावेत. फॉन्टची नुसती फाइल मात्र एकटी विकता येत नाही, दुसऱ्या सॉफ्टवेअरबरोबर देता येते. बदललेला फॉन्ट ओएफएलखालीच द्यावा लागतो. मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलेले असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरे नाव द्यावे लागते, म्हणजे कोणाच्या कच्च्या कामाचा दोष मूळ फॉन्टच्या माथी येत नाही. या शेवटच्या अटीत कारागिराच्या अब्रूची किती जाण आहे!

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ हे फॉन्ट याच परवान्याखाली आहेत. त्यातला मुक्त सात वजनांत मिळतो, अगदी बारीक रेषेपासून जाड ठशापर्यंत, आणि त्याच कुळात गुजराती, गुरुमुखी व तमिळ लिप्याही आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा फॉन्टही लोकांसाठी असाच खुला केला. डोंबिवलीत १९९९ पासून निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेच्या वेळी फडके रोडवर जे फलक लागतात, तसल्या कामासाठी आज कोणालाही कंपनीच्या दारात जावे लागत नाही. फॉन्ट उतरवून घ्यावा आणि कामाला लागावे. परवाना खरोखर कोणता आहे हेही तपासता येते, कारण तो फॉन्टच्याच पोटात असतो. फॉन्टच्या फाइलमध्ये नावनिशीचे एक कोष्टक असते. त्यातली १३ क्रमांकाची नोंद परवान्याच्या वर्णनाची आणि १४ क्रमांकाची परवान्याच्या पत्त्याची. फॉन्टफोर्ज या मुक्त प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की त्या दोन्ही वाचता येतात.

आता बदलाच्या हक्काला मराठीत किती मोल आहे ते पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठीत एका वळणाने लिहितात आणि हिंदीत दुसऱ्या. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल उभ्या दंडाचा. श च्या माथ्याची ठेवणही निराळी. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरण्याचा निर्णय काढला. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे. अक्षर कसे दिसावे हे ठरवतो फॉन्ट. ज्या फॉन्टची बांधणी हिंदी समोर ठेवून झाली त्यात मराठी पुस्तक लावले की पानापानावर परके ल दिसतात. फॉन्ट बंद परवान्याचा असेल तर विनंतीअर्ज करून वाट पाहणे एवढेच हाती राहते. ओएफएलचा असेल तर देवनागरी जाणणारा एखादा अक्षरकार तो उघडून ल आणि श नव्याने काढू शकतो, मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा हीच रूपे उमटावीत असा नियम त्यात बसवू शकतो, आणि दुसऱ्या नावाने साऱ्या महाराष्ट्राला देऊ शकतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतला र नीट उमटत नसेल तर तोही त्याला दुरुस्त करता येतो. त्या बिघडलेल्या र चा त्रास ज्याला होतो त्यालाच तो सुधारण्याचा हक्क मिळतो, हे या परवान्याचे सर्वांत मोठे देणे.

असल्या परवान्यांना न्यायालयात किंमत आहे का, ही शंका बराच काळ होती. पैसे घेतलेले नाहीत, सही झालेली नाही, मग अट मोडली तर नुकसान ते काय? याचा निकाल लागला खेळण्यातल्या आगगाड्यांवरून. रॉबर्ट जेकबसन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने आणि इतर हौशी मंडळींनी छोट्या आगगाड्या संगणकावरून चालवण्याचा ‘जेएमआरआय’ हा मुक्त प्रोग्रॅम लिहिला होता. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या काही फाइली आपल्या विक्रीच्या मालात घातल्या आणि मूळ लेखकांची नावे व कॉपीराइटच्या ओळी काढून टाकल्या. खालच्या न्यायालयाला यात फार तर करारभंग दिसला. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की नाव ठेवणे आणि केलेला बदल नोंदवणे या परवानगीच्याच अटी आहेत. त्या मोडल्या की परवानगी संपते आणि कॉपीराइटभंग होतो. पैसे न घेता दिलेल्या कामातही मालकाचे खरे हित गुंतलेले असते, हेही न्यायालयाने मान्य केले. कल्याणसारख्या रेल्वेच्या जंक्शनावर हा खटला लोकांना तोंडपाठ असायला हवा!

भारताच्या कायद्यात या परवान्यांना आधार देणारे कलम ३० वे आहे. मालक आपल्या हक्कांचा वापर करण्याचा परवाना लेखी देऊ शकतो. २०१२ पर्यंत या कलमात लेखी आणि ‘सहीनिशी’ असे शब्द होते, आणि इंटरनेटवर ठेवलेल्या फाइलवर कोण सही करणार? २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट काढून टाकली. कलम ३०-अ नुसार मात्र कलम १९ चे नियम परवान्यालाही जरूर त्या फेरफारांसह लागू होतात, आणि त्या कलमात म्हटले आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा. अपाची परवान्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे दोन्ही शब्द आहेत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत कॉपीराइट असेपर्यंतची मुदत लिहिलेली आहे. एमआयटीच्या त्या आटोपशीर मजकुरात मुदत आणि प्रदेश दोन्ही नाहीत. भारतात राहून लिहिणाऱ्याने परवाना निवडताना ही गोष्ट नक्की विचारात घ्यावी. ज्याला हक्कच सोडायचा आहे त्याच्यासाठी कलम २१ आहे: रजिस्ट्रारला ठरावीक नमुन्यात कळवून किंवा जाहीर सूचना देऊन लेखक आपले हक्क सोडू शकतो. आणि परवाना नसतानाही कायद्याने थोडी मोकळीक दिलेली आहे. रीतसर मिळालेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढणे, तो कसा चालतो याचे निरीक्षण करणे किंवा त्याची चाचणी घेणे हा कॉपीराइटभंग ठरत नाही.

मुक्त परवान्यावर धंदा होतो का, असा प्रश्न मध्यमवर्गीय घरात हमखास निघतो. त्याला मध्य रेल्वेवरच उत्तर आहे. विद्याविहारच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे हिशेब, साठा, खरेदी-विक्री आणि पगार सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. कंपनीचे संस्थापक रुशभ मेहता यांच्या कुटुंबाचा फर्निचरचा व्यवसाय होता आणि त्यासाठी योग्य प्रणाली मिळेना, त्यातून हे काम सुरू झाले. ज्या चौकटीवर ते उभे आहे ती ‘फ्रॅपे’ चौकट मात्र एमआयटी परवान्याखाली आहे. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते: चौकट घेऊन कोणीही आपले काहीही बांधावे, पण मुख्य प्रणाली सुधारून वाटणाऱ्याने ती खुलीच ठेवावी. कंपनीची कमाई सॉफ्टवेअर चालवून देण्यातून आणि मदतीतून होते. अंबरनाथ किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लघुउद्योजकाला याचा फायदा असा की आज काम करून देणारा उद्या दुकान बंद करून गेला तरी कोड उद्योजकाकडे राहतो आणि दुसरा जाणकार पुढचे काम उचलू शकतो.

सरकारी कामात हाच मुद्दा जास्त वजनदार होतो, कारण तिथे खर्च लोकांच्या पैशातून होतो. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने २००० नंतरच्या दशकात करभरणा, दाखले आणि तक्रारी संगणकावर आणल्या, नागरी सुविधा केंद्रे उघडली, आणि हा नमुना राज्यातल्या इतर नगरपालिकांसाठीही घेतला गेला. एका शहरात तयार झालेली प्रणाली दुसऱ्या शहरात न्यायची म्हटले की कोडचा मालक कोण, त्यात बदल कोणी करायचे, प्रत्येक शहराने पुन्हा पैसे मोजायचे का, हे प्रश्न लगेच उभे राहतात. त्यांची उत्तरे पहिल्या करारातच लिहून ठेवावी लागतात. बंगळुरूच्या ‘ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन’ने शहरांच्या कारभारासाठी तयार केलेली ‘डिजिट’ ही प्रणाली एमआयटी परवान्याखाली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती देण्याचे धोरण जाहीर केले आणि सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड इतरांसाठी खुला करण्याचेही. त्याच धोरणाच्या वाटेवर मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’च्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड अपाची परवान्याखाली खुला झाला. लोकांच्या पैशातून लिहिलेला कोड लोकांना पाहता यावा, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

ग्रंथालये ही तर या विचाराची जुनी घरे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. एक पुस्तक अनेकांनी वाचावे हीच त्यांची रीत. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने ग्रंथालयाच्या कामासाठी ‘कोहा’ नावाची प्रणाली करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये कामाला लावली आणि जीपीएलखाली जगाला दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे परतभेटीची अपेक्षा सोबत असणारी देणगी. आहेरासारखीच ही चाल. पुढे याच नावाच्या व्यापारचिन्हावर एका कंपनीने न्यूझीलंडमध्ये हक्क सांगितला आणि ग्रंथालयाला स्वतःच दिलेल्या नावासाठी झगडावे लागले. त्यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी: सॉफ्टवेअरचा परवाना कोडची मुभा देतो, नावाची देत नाही. नाव ही व्यापारचिन्हाच्या कायद्याखालची वेगळी मालमत्ता आहे आणि तिची व्यवस्था वेगळी लावावी लागते.

लेख, चित्रे, ध्वनिफिती यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स हे वेगळे परवाने आहेत. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ ‘नाव द्या आणि याच अटीवर पुढे द्या’ अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. हे परवाने कोडला लावू नयेत असे खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थाच सांगते, कारण सोर्स कोड देण्याबद्दल त्यांत काहीच नाही.

डोंबिवलीच्या त्या अभियंत्याने आता काय करावे? आधी प्रोग्रॅम खरोखर आपला आहे ना, हे पाहावे. कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी असते. शिवाय ऐरोली-महापेच्या कंपन्यांत जाणाऱ्या पुष्कळांच्या नेमणूकपत्रात त्याहूनही रुंद कलमे असतात. रविवारी घरी लिहिलेल्या कोडबद्दल नेमणूकपत्र काय म्हणते ते वाचावे आणि शंका असेल तर कंपनीकडून लेखी होकार घ्यावा. चार मित्रांनी मिळून कॉलेजचा प्रकल्प केला असेल तर चौघांची संमती हवी. कोडमध्ये दुसऱ्याचे तुकडे आणून बसवले असतील तर त्यांचे परवाने एकमेकांशी जुळतात का हेही पाहावे. जीपीएलचा तुकडा आत असेल तर सबंध प्रोग्रॅम बंद परवान्याखाली वाटता येत नाही.

मग परवाना निवडावा, आणि तो स्वतः लिहू नये. घरगुती भाषेत लिहिलेले ‘चांगल्या कामासाठी वापरा’ हे वाक्य प्रेमळ असते, पण चांगले काम कोणते यावर उद्या भांडण होते आणि सावध माणूस तो कोड हातातच धरत नाही. सगळ्यांनी बिनधास्त घ्यावे एवढीच इच्छा असेल तर एमआयटी किंवा अपाची. सुधारणा सोसायट्यांकडे परत यावी असे वाटत असेल तर जीपीएल. एखादी कंपनी हाच प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरवर ठेवून सोसायट्यांकडून दरमहा पैसे घेईल आणि प्रत कोणालाच देणार नाही, अशी शक्यता दिसत असेल तर जीपीएल अपुरा पडतो. त्यासाठी २००७ मध्ये आलेला एजीपीएल हा परवाना आहे. त्यात बदललेला प्रोग्रॅम इंटरनेटवरून वापरू दिला तरी वापरणाऱ्यांना सोर्स कोड देण्याची अट आहे. हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी हाच सर्वांत योग्य ठरेल.

निवडलेल्या परवान्याचा पूर्ण मजकूर ‘लायसन्स’ नावाच्या फाइलमध्ये, एकही शब्द न बदलता, कोडच्या पहिल्याच फोल्डरमध्ये ठेवतात. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर वर्ष, नाव आणि परवान्याचे आखूड नाव लिहितात, म्हणजे एखादी फाइल एकटी भटकली तरी तिची ओळख सोबत राहते. हे पहिल्या दिवशीच केलेले बरे. नंतर इतर लोक दुरुस्त्या पाठवू लागतात आणि प्रत्येक दुरुस्तीवर ती लिहिणाऱ्याचा कॉपीराइट असतो. परवाना बदलायचा झाला तर त्या सगळ्यांना विचारावे लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या गाभ्याचा परवाना बदलताना त्याच्या कर्त्यांना जुन्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले. लिनक्सच्या गाभ्याचे लेखक तर हजारोंनी आहेत. १९९२ मध्ये त्याला लागलेला जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा परवाना आजही तोच आहे.